बॅक केअर आणि परवान्याची परीक्षा

आपण मैत्रिणी एकत्र आलो की फायनलच्या प्रॅक्टिकलची आठवण निघतेच. चिठ्ठी उचलायची, ट्रे लावायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षक सिस्टरांसमोर प्रोसिजर करून दाखवायची. माझ्या चिठ्ठीत ‘बॅक केअर’ निघाले होते. रुग्णाला कुशीवर वळवले, पाठ साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी केली, स्पिरिट लावून गोलाकार मालिश केले, वर पावडर लावली. परीक्षक सिस्टरांनी मान डोलावली आणि पुढे कित्येक वर्षे वॉर्डात मी तेच करत राहिले.

नंतर अमेरिकेच्या परवाना परीक्षेचा अभ्यास करताना सरावात एक प्रश्न आला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडापाशी त्वचा लाल झाली आहे. परिचारिकेने काय करावे? मी ‘मालिश’ निवडले. उत्तर चुकले. ज्या कामासाठी मला शाबासकी मिळाली होती, तेच इथे चूक ठरत होते. परीक्षा नक्की कशाची घेतात, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. त्याचे उत्तर शोधताना या परीक्षांचा इतिहास वाचत गेले.

हा वाद परिचर्येच्या पेशाइतकाच जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू केले. रुग्णाला बेडसोअर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते. तरीही परीक्षा घेऊन परिचारिकांची सरकारी नोंदणी करण्याला त्यांचा विरोध होता. चांगल्या परिचारिकेचे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत, असे त्या म्हणत. उलट, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांचे म्हणणे असे, की परीक्षा आणि नोंदणी नसेल तर शिकलेली परिचारिका आणि न शिकलेली बाई यांत लोकांनी फरक कसा करायचा? 1887 पासून त्यांनी हा लढा चालवला. न्यूझीलंडने 1901 मध्ये देशपातळीवरचा कायदा केला, ब्रिटनने 1919 मध्ये. ब्रिटनच्या नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविकबाईंचाच लागला.

आपल्याकडे मुंबई प्रांतात नोंदणीचा कायदा 1935 मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 चा, महाराष्ट्राचा 1966 चा. आपण याच वाटेने आलो: अभ्यासक्रम पूर्ण करायचा, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायची आणि कौन्सिलकडे नाव नोंदवायचे. परवान्यासाठी वेगळी परीक्षा आपल्याला द्यावी लागली नाही.

अमेरिकेत मात्र विद्यालयाची परीक्षा वेगळी आणि परवान्याची वेगळी. नॉर्थ कॅरोलायना राज्याने 1903 मध्ये नोंदणी सुरू केली, मग एकेक राज्य पुढे आले. राज्यांना मिळून वापरता येईल अशी परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 मध्ये आली. पुढे तिचे मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार असे पाच भाग असत. 1982 मध्ये तिच्या जागी ‘एनक्लेक्स’ आली. आता प्रश्न विषयवार नव्हे, तर रुग्णाच्या गरजेनुसार येऊ लागले. ‘शारीरिक स्थैर्य’ हा त्यातला सर्वांत मोठा विभाग, आणि आंघोळ, आहार, मलमूत्र, हालचाल, झोप, वेदना ही आपली रोजची कामे त्यातल्या ‘मूलभूत शुश्रूषा’ या भागात. 1994 पासून ही परीक्षा संगणकावर होते. आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरते. एप्रिल 2023 पासून एकाच रुग्णाची संपूर्ण केस देऊन त्यावर निर्णय विचारतात. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. रुग्णाला हात मात्र कुठेच लावायचा नसतो.

आता मालिशबद्दल. बेडसोअरचा धोका कोणाला जास्त हे आपण अंदाजाने ठरवत होतो. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने सहकाऱ्यांसह 1962 मध्ये त्यासाठी गुणांची पट्टी प्रसिद्ध केली. अमेरिकेत 1987 मध्ये ब्रेडन पट्टी आली: सहा मुद्दे, एकूण 6 ते 23 गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त. बोटाने दाबूनही लाली पांढरी पडत नसेल, तर खालच्या पेशींना इजा सुरू झालेली असते. तिथे चोळले तर इजा वाढते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते. आपण मोठ्या विश्वासाने ठेवत होतो ती हवेची रिंगसुद्धा कडेने दाब देऊन रक्तपुरवठा अडवते. बरोबर उत्तर साधे आहे: त्या जागेवरचा भार काढा, कूस बदला, टाचा गादीपासून उचलून ठेवा, त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवा, आहाराकडे पाहा.

मी किती लाल पाठी चोळल्या असतील, याचा हिशेब मला देता येणार नाही. माझा हात सफाईने चालत होता, पण शिकवलेलेच जुने होते. प्रॅक्टिकलमध्ये ते कळायला मार्गच नव्हता, कारण परीक्षकही तेच शिकल्या होत्या. तो दोष लेखी प्रश्नाने दाखवला.

म्हणून लेखी परीक्षा पुरेशी आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या परिचारिकांना संगणकावरच्या परीक्षेनंतर ‘ऑस्की’ द्यावी लागते. रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये डंडी येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली ही पद्धत. आज त्यात दहा स्टेशने असतात, आणि तिथे काम करून दाखवावे लागते. आपल्या चिठ्ठी-प्रॅक्टिकलची ती जवळची नातेवाईकच म्हणायची.

परीक्षेची तयारी करणाऱ्या धाकट्या मुलींना माझे सांगणे एवढेच, की मूलभूत शुश्रूषेचा भाग सोपा समजून शेवटी ठेवू नका. प्रत्येक कृतीचे कारण स्वतःला विचारा. नाइटिंगेलबाईंची शंका तरीही शिल्लक राहते: रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसताना, परिचारिका रुग्णाची कूस बदलते की नाही, हे कोणत्याच परीक्षेला कळत नाही.

आणि आपल्यापैकी ज्या आज ट्यूटर आहेत, त्यांना एक विनंती. जुन्या प्रोसिजर बुकात ‘स्पिरिट लावून मालिश’ ही ओळ अजून असेल, तर या मेळाव्यानंतर ती खोडून टाका.