लाल अक्षरे, हिरवा माणूस

अमेरिकेतल्या ऑफिसात, थिएटरात किंवा मंडळाने गणेशोत्सवासाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये दारावर बहुधा लाल अक्षरांत 'एक्झिट' लिहिलेले असते. लंडनला किंवा टोकियोला त्याच जागी हिरव्या पाटीवर दाराकडे धावणारा माणूस दिसतो. काम एकच, तरी रंग वेगळे आणि भाषाही वेगळी. या फरकामागे काही भीषण आगींचा इतिहास आहे.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन कुटुंबांतल्या, नुकत्याच अमेरिकेत आलेल्या तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचे दार कुलूपबंद होते आणि बाहेरची लोखंडी शिडी भाराने कोसळली. या दुर्घटनेनंतर अग्निसुरक्षेचा विचार इमारत वाचवण्यापुरता न राहता माणसे बाहेर काढण्याकडे वळला. १९१३ मध्ये राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने त्यासाठी खास समिती नेमली आणि १९२७ मध्ये 'बिल्डिंग एक्झिट्स कोड' प्रसिद्ध झाला.

नियम कागदावर आले तरी दारे मोकळी झाली नाहीत. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये ४९२ जण दगावले. मुख्य फिरते दार गर्दीने अडकले होते. इतर दारांपैकी काही बंद, तर काही आत उघडणारी. मग बाहेरची वाट दाखवणारी पाटी सतत दिसली पाहिजे, तिच्यापुढे पडदा वा सजावट नको, हे कायद्याने बजावले गेले.

आग आणि धोका म्हटले की लाल, ही अमेरिकेतली जुनी सवय. पण रस्त्यावरच्या सिग्नलला लाल म्हणजे 'थांबा', आणि इथे तोच रंग 'या बाजूने पळा' असे सांगतो! शिवाय अंधारात आपला डोळा लालपेक्षा हिरवट-निळ्या प्रकाशाला जास्त चटकन टिपतो. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी ही गोष्ट नोंदवली होती.

हिरवी पाटी जगभर नेण्यात जपानचा वाटा मोठा. मे १९७२ मध्ये ओसाकाच्या सेन्निची इमारतीत ११८, आणि पुढच्या वर्षी कुमामोतोच्या ताइयो दुकानात शंभराहून अधिक माणसे गेली. अक्षरे वाचायला लावण्यापेक्षा पाहताक्षणी कळेल असे चित्र हवे, या विचाराने तिथे स्पर्धा घेण्यात आली. युकिओ ओता यांनी धावत्या माणसाला नेमके रूप दिले. १९८२ मध्ये जपानने ते स्वीकारले आणि त्याच दशकात ते आंतरराष्ट्रीय मानकांतही आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संहितेने मात्र एकच रंग सक्तीचा केलेला नाही. अक्षरे निदान ६ इंच उंच हवीत, रंग आजूबाजूपासून वेगळा उठून दिसावा आणि वीज गेल्यावरही पाटी ९० मिनिटे उजळलेली राहावी, अशा तिच्या अटी आहेत. रंग स्थानिक प्रशासन ठरवते. न्यूयॉर्क शहर आजही लाल अक्षरेच मागते.

रंगाचा वाद डोळ्यांच्या शास्त्राने सुटेल. भाषेचा प्रश्न आपल्यासारख्या स्थलांतरितांना अधिक जवळचा आहे. मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या, इंग्रजी न वाचणाऱ्या आजीला चार लाल अक्षरांचा उपयोग किती? धावणारा माणूस तिला कुणी न सांगताही कळेल. ट्रँगलच्या मृतांसाठी २०२३ मध्ये त्याच इमारतीवर स्मारक उभे राहिले. त्यावरचा मजकूर इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत आहे. त्या मुलींची भाषा भिंतीवर उमटायला शंभराहून अधिक वर्षे लागली. दारावरच्या पाटीने तरी एवढा वेळ घेऊ नये. तोवर कार्यक्रमाला गेल्यावर खुर्ची शोधण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना बाहेरचे दार दाखवून ठेवावे, हे बरे.