तीस वर्षे प्रकाशाची वाट पाहणारा प्रबंध

१/ नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. आजच्या नोटेवरील क्रमांक अतिनील दिव्याखाली चमकतो. शाईचा रेणू मोठ्या ऊर्जेचा एक फोटॉन घेतो आणि लहान ऊर्जेचा फोटॉन परत देतो. पण दोन लहान फोटॉन एकत्र घेऊन एक मोठा देता येईल का?

२/ 'होय' हे उत्तर १९३० साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात मिळाले. मॅक्स बॉर्न यांच्या विद्यार्थिनी मारिया ग्योपर्ट-मेयर यांनी ते आपल्या प्रबंधात गणिताने सिद्ध केले. १९३१ साली तो प्रसिद्ध झाला.

३/ अट एकच, पण कठीण : दोन्ही फोटॉन जणू एकाच क्षणी पोहोचले पाहिजेत. हे शोषण तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रकाश दहापट केला, तर शोषण शंभरपट होते. इतका प्रखर प्रकाश देणारा दिवा तेव्हा जगात नव्हता.

४/ दरम्यान मारिया पतीसह अमेरिकेस गेल्या. पती-पत्नी दोघांना नोकरी न देण्याची तेथील विद्यापीठांची रीत होती. त्यांनी अनेक वर्षे जवळजवळ विनावेतन संशोधन केले. वेतनासह पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते थेट १९६० साली, पन्नाशी उलटल्यावर.

५/ योगायोग असा की, त्याच वर्षी थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर उजळवला. १९६१ साली बेल प्रयोगशाळेत कायझर आणि गॅरेट यांनी युरोपियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकावर माणकाच्या लेसरचा तांबडा झोत सोडला. स्फटिकातून निळा प्रकाश बाहेर पडला. तीस वर्षांपूर्वीचे गणित खरे ठरले होते.

६/ १९६३ साली मारियांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते अणुकेंद्राच्या कवच-रचनेसाठी होते, या प्रबंधासाठी नव्हे.

७/ प्रबंधाचा उपयोग पुढे उलगडला. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक घडवला. झोत जेथे एकवटतो तेवढाच बिंदू उजळतो. त्यामुळे जिवंत ऊतीच्या आत, तिला न कापता, डोकावता येऊ लागले.

८/ आता हवे होते अधिक भुकेले रेणू. १९९९ साली बफेलो येथे, भारतात जन्मलेले पारस प्रसाद आणि सहकाऱ्यांनी मध्यभागी नायट्रोजन ठेवून त्याला एक, दोन, तीन अशा फांद्या जोडल्या. तीन फांद्यांचे शोषण एका फांदीच्या तिपटीहून बरेच अधिक भरले. फांद्या सुट्या राहत नव्हत्या. त्यांतील इलेक्ट्रॉन एकमेकांना साथ देत होते.

९/ अशा रेणूंची क्षमता आज ज्या एककात मोजतात, त्याचे नाव 'ग्योपर्ट-मेयर'. ज्यांना प्राध्यापक म्हणायला विद्यापीठांना तीस वर्षे लागली, त्यांचे नाव आता जगभरच्या प्रयोगवह्यांत प्रत्येक आकड्यापुढे लिहिले जाते.