शेण तेच, हिशेब नवा

वऱ्हाडात आपली चूल पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्यांवर पेटत आली. पण गोवरी जळली की शेताचं खतही जळतं. गोबरगॅसमध्ये गॅस चुलीला मिळतो आणि स्लरी शेताला.

ही गोष्ट जुनीच आहे. १८९७ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरला गेला. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टाकीचं संयंत्र बांधलं. पुढे खादी आयोगानं ते गावोगावी नेलं. १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचं 'दीनबंधू' आलं. लोखंडी टाकी नाही, म्हणून स्वस्त.

तरी अमरावती-अकोल्याकडे कितीतरी संयंत्रं बंद का पडली? कुठं टाकी गंजली, कुठं बैलजोडी विकली, कुठं उन्हाळ्यात पाणी आटलं. आणि रोज शेण कोण कालवणार, हे आधी ठरलंच नव्हतं. ते काम बाईच्याच वाट्याला आलं.

म्हणून आम्ही गटात आधी मोजतो. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि तेवढंच पाणी लागतं. कालवायची पाळी घरात कुणाकुणाची, तेही ठरवतो. मगच कुदळ मारतो.