ग्वाल्हेरचे नर्सिंग शिक्षण: खाट, हजेरी आणि पदवी

नर्सिंगच्या विद्यार्थिनीची पात्रता दोन ठिकाणी पाहिली जाते, परीक्षेच्या दालनात आणि रुग्णाच्या खाटेपाशी. ग्वाल्हेरमध्ये आधी खाट आली, मग वैद्यकीय महाविद्यालय आले आणि विद्यापीठ सर्वांत शेवटी. जयारोग्य रुग्णालय १८९९ मधले, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मधले आणि जिवाजी विद्यापीठ १९६४ मधले आहे. आज नर्सिंग महाविद्यालयाच्या नियमपुस्तकात प्रवेश, हजेरी, प्रात्यक्षिक आणि उत्तीर्णतेच्या ज्या अटी दिसतात, त्यांतल्या बहुतेक अटींचे मूळ या क्रमात आहे. हा क्रम उलटला, रुग्णालयाआधी महाविद्यालये उघडू लागली, तेव्हा काय घडले तेही याच शहराने पाहिले.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. दरबाराबरोबर आलेली मराठी कुटुंबे तिथे पिढ्यान् पिढ्या राहिली. त्यांच्या घरात, आणि आसपासच्या हिंदी भाषक घरांतही, आजारपण घरातल्या बायकांनी निभावायचे आणि बाळंतपण सुईणीने करायचे अशी रीत होती. सुईणीचे ज्ञान तिच्या सासूकडून किंवा आईकडून आलेले असे. त्याला वय, शिक्षण किंवा परीक्षा अशी कोणतीच अट नव्हती. नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे हे तिला कोणी सांगितलेले नसे आणि त्याची किंमत बाळ-बाळंतिणीला मोजावी लागे. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने देशभर स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. पुढे लेडी कर्झन यांच्या प्रयत्नाने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी आला, तो खास सुईणींच्या प्रशिक्षणासाठी होता. सुईणीला शिकवता येते आणि शिकलेली सुईण न शिकलेलीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे, ही कल्पना या निधींनी रुजवली. निकषाची सुरुवात अशी परिचारिकेच्या आधी सुईणीपासून झाली.

जयारोग्य रुग्णालयाच्या नावात जयाजीराव शिंद्यांचे नाव गुंफलेले आहे. ते उभारले त्यांचे पुत्र माधवराव यांच्या कारकिर्दीत आणि १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शुश्रूषेवर खर्च करण्याची माधवरावांची तयारी मोठी होती. १९०० मध्ये चीनमधील मोहिमेसाठी त्यांनी ‘ग्वालियर’ नावाचे रुग्णालय-जहाज सज्ज करून दिले. पहिल्या महायुद्धात संस्थानिकांनी मिळून पाठवलेल्या ‘लॉयल्टी’ या रुग्णालय-जहाजामागेही मुख्य पुढाकार त्यांचाच होता. जखमी सैनिकाची शुश्रूषा हे शिकून करायचे काम आहे हे त्या काळी मान्य झालेले होते. शहरातल्या सामान्य रुग्णाच्या बाबतीत ती जाणीव यायला अधिक वेळ लागला.

नर्स कशी घडवायची याची पद्धत तोवर इतरत्र आकार घेत होती. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. मुंबईच्या कामा रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या शिकायला आल्या आणि पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून त्यांची नोंद झाली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाशी १८९७ मध्ये नर्सिंगची शाळा जोडली गेली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात बायकांना या कामासाठी पाठवले. त्यांत विधवा होत्या, ज्यांच्यासमोर अर्थार्जनाचे दुसरे दार क्वचितच उघडे होते. परक्या पुरुषाला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळीला घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी उच्चवर्णीय घरांना खटकत. त्यामुळे सुरुवातीच्या काळात या पेशात ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली जास्त होत्या. सेवासदनाने हा अडसर मराठी समाजातच हलवला, म्हणून या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

या रुग्णालयी शाळांचा नियम साधा होता. मुलगी वॉर्डात काम करी आणि काम करताकरता शिके. तिला राहायला वसतिगृह, खायला मेस आणि थोडे विद्यावेतन मिळे, त्या बदल्यात रुग्णालयाला स्वस्तात हात मिळत. तिचे मूल्यमापन मेट्रनच्या नजरेने होई: चादरीची घडी, तापमानाची नोंद, औषधाची वेळ, बोलण्याची पद्धत, वसतिगृहात परतण्याची वेळ. शुभ्र गणवेश, डोक्यावरची टोपी आणि ज्येष्ठता दाखवणाऱ्या टोपीवरच्या पट्ट्या हे त्या शाळेचे जणू प्रगतिपुस्तक होते. शपथविधीत हाती दिवा घेऊन जी नाइटिंगेल प्रतिज्ञा म्हटली जाते, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेसाठी लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती १८९३ मध्ये तयार केली. शिस्तीचे हे वळण कडक होते आणि अनेकदा अन्यायाचेही. दिवसभर वॉर्डात राबलेल्या मुलीला संध्याकाळी शरीरशास्त्राचे व्याख्यान डोक्यात शिरणे अवघड जाई. तरीही तिने प्रत्यक्ष किती रुग्ण हाताळले याबद्दल कोणालाच शंका नसे, कारण तिचे सगळे शिक्षण त्यांच्या सोबतच झालेले असे.

१९४६ हे वर्ष ग्वाल्हेरसाठी आणि भारतीय नर्सिंगसाठी एकाच वेळी निर्णायक ठरले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जिवाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले गेले. जयारोग्य आणि स्त्रिया व बालकांसाठीचे कमलाराजा ही रुग्णालये त्याला जोडलेली आहेत. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवालही आला. देशात तेव्हा नोंदणीकृत परिचारिका जेमतेम सात हजारांच्या घरात होत्या आणि लोकसंख्या ४० कोटींच्या आसपास होती. अहवालाने परिचारिकांच्या राहण्याची व पगाराची दैना मांडली आणि दोन पातळ्यांचे प्रशिक्षण सुचवले: कनिष्ठ पातळीसाठी मिडल शाळेपर्यंतचे शिक्षण आणि वरिष्ठ पातळीसाठी मॅट्रिक. विद्यार्थिनी ही आधी विद्यार्थिनी आहे, रुग्णालयाची फुकटची कामगार नव्हे, हा विचार सरकारी कागदावर ठामपणे आला तो याच काळात.

३१ डिसेंबर १९४७ रोजी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९४९ मध्ये परिषद अस्तित्वात आली. तोवर मुंबईची नर्स मद्रासेत आणि मद्रासची मध्य भारतात कोणत्या मापाने मोजायची याला एकवाक्यता नव्हती. आता अभ्यासक्रम, प्रवेशाची पात्रता आणि परीक्षेचे किमान निकष देशभर सारखे असावेत असे ठरले. ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही नव्या मध्य प्रदेशात सामावला. नोंदणीची व्यवस्था पुढे भोपाळला एकवटली. मध्य प्रदेशाच्या १९७२ च्या अधिनियमाने परिचारिका, प्रसाविका, साहाय्यक परिचारिका-प्रसाविका आणि आरोग्य परिदर्शक या सर्वांची नोंदणी एका परिषदेकडे आणली. सुईणीपासून सुरू झालेली ओळ अशी एका नोंदवहीत आली.

जिवाजी विद्यापीठाची स्थापना २३ मे १९६४ रोजी झाली आणि त्याच्या वास्तूची कोनशिला ११ डिसेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी बसवली. विद्यापीठामुळे नर्सिंगच्या शिक्षणात एक मूलभूत फरक पडला. पदविका रुग्णालयाच्या शाळेत मिळत असे आणि तिची परीक्षा परिषदेकडे असे. पदवी मात्र विद्यापीठाची. तेव्हापासून पदवी देणाऱ्या महाविद्यालयाला तीन दारांतून जावे लागते. अभ्यासक्रम भारतीय परिषद ठरवते, मान्यता व नोंदणी राज्य परिषद पाहते, संलग्नता व परीक्षा विद्यापीठाच्या हाती असतात. तिघांचे मत जुळते तेव्हा विद्यार्थिनीचे रक्षण तिहेरी होते. ते जुळले नाही की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि मध्ये विद्यार्थिनी उभी राहते.

आज लागू असलेला बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम भारतीय परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केला. प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय किमान १७ असावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. वैद्यकीयदृष्ट्या सुदृढ असल्याचे प्रमाणपत्रही लागते. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत प्रवेशासाठी ‘प्री-नर्सिंग सिलेक्शन टेस्ट’ ही वेगळी परीक्षा आहे. चार वर्षांची आठ सत्रे असतात आणि अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते.

श्रेयांकाचा हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. वर्गातल्या व्याख्यानाला आठवड्याचा एक तास म्हणजे एक श्रेयांक, प्रयोगशाळेतल्या सरावाला दोन तास आणि रुग्णालयातल्या कामाला चार तास. सत्र वीस आठवड्यांचे धरले तर वॉर्डातला एकेक श्रेयांक मिळवायला ऐंशी तास रुग्णांजवळ घालवावे लागतात. आठव्या सत्रात २२ आठवड्यांची अंतर्वासिता असते, आठवड्याला ४८ तासांची. लेखी परीक्षेला ७५ आणि अंतर्गत मूल्यमापनाला २५ गुण असतात. लेखी आणि प्रात्यक्षिक यांत स्वतंत्रपणे ५० टक्के मिळाले तरच उत्तीर्ण धरतात. एकाची कमतरता दुसऱ्याने भरून काढता येत नाही.

हजेरीचा नियम सर्वांत बोलका आहे. परीक्षेला बसण्यासाठी लेखी विषय व प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी पुरते. पदवी हाती पडण्यापूर्वी मात्र प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. आजारपणात बुडालेली रात्रपाळी नंतर भरून द्यावी लागते. बुडालेले व्याख्यान पुस्तकातून वाचता येईल, पण प्रसूतिगृहात न पाहिलेले बाळंतपण पुस्तकात भेटत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. मेट्रनच्या नजरेने होणारी जुनी परीक्षा या आकड्यात टिकून राहिली आहे. महाविद्यालयासाठीच्या अटीही याच जातीच्या आहेत: किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय, दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक, वॉर्डात एका विद्यार्थ्याच्या वाट्याला तीन रुग्ण. खाटांचा आकडा इमारतीच्या दिमाखासाठी घातलेला नाही. खाट नसेल तर हजेरी घ्यायची कुठे, हा प्रश्न त्या अटीमागे उभा आहे.

जयारोग्यच्या छायेत वाढलेल्या शासकीय नर्सिंग शिक्षणाला हा प्रश्न फारसा पडला नाही. खाटा होत्या, रुग्णांची रीघ होती, उलट विद्यार्थिनीवर कामाचा भार जास्त पडण्याचीच तक्रार असायची. नव्या शतकात चित्र बदलले. देशात आणि परदेशात नर्सला मागणी वाढली, नर्सिंगची पदवी म्हणजे हमखास नोकरी असे घराघरात वाटू लागले आणि ग्वाल्हेर-चंबळ भागात खासगी महाविद्यालये मोठ्या संख्येने उघडली. २०११ च्या कायद्याने जबलपूरला वैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले आणि नर्सिंगची संलग्नता पुढे तिकडे गेली. राज्याने २०१८ मध्ये नर्सिंग संस्थांच्या मान्यतेचे स्वतंत्र नियमही केले. नियम पुरेसे होते. कमी पडली ती तपासणी.

२०२२ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयात याचिका चालल्या. इमारत नसलेली, रुग्णालय केवळ कागदावर असलेली, एकाच अध्यापकाचे नाव अनेक संस्थांच्या यादीत दाखवणारी महाविद्यालये मान्यता मिळवून बसल्याचे आरोप त्यांत होते. काहींना मागील वर्षांची संलग्नता मागाहून दिली गेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्वाल्हेर खंडपीठाने नर्सिंगच्या परीक्षांना स्थगिती दिली. न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तीनशेहून अधिक महाविद्यालयांची पाहणी केली. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या अहवालात १६९ योग्य ठरली, साठहून अधिक सपशेल अयोग्य आणि उरलेली त्रुटी असलेली. मे २०२४ मध्ये तपास पथकातल्याच अधिकाऱ्यांना लाच प्रकरणी अटक झाली. त्यामुळे योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला आणि या वेळी न्यायिक अधिकारी सोबत असावा व चित्रीकरण व्हावे असे बजावले.

या काळात विद्यार्थी तीन-तीन वर्षे परीक्षेविना राहिले. खेड्यातून आलेल्या, कर्ज काढून फी भरलेल्या मुलींचे वय वाढत गेले. ज्या अटी त्यांच्या भल्यासाठी होत्या, त्या महाविद्यालयांनी मोडल्या आणि शिक्षा विद्यार्थ्यांना भोगावी लागली. हा या इतिहासातला सर्वांत वेदनादायक भाग आहे. विद्यार्थ्याकडून प्रात्यक्षिकाची शंभर टक्के हजेरी मागणाऱ्या व्यवस्थेने संस्थेच्या शंभर खाटा मोजल्याच नव्हत्या.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी आयोगाची रचना यावी, असा त्याचा हेतू आहे. जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने वैद्यकीय विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि नर्सिंग व पॅरामेडिकल अभ्यासक्रम प्रादेशिक विद्यापीठांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. ग्वाल्हेर विभागासाठी ते विद्यापीठ म्हणजे जिवाजी.