साभार परत आलेले ‘तृतीय रत्न’

हस्तलिखित ‘साभार परत’ येणे हा मराठी लेखकाच्या आयुष्यातला जुनाच प्रसंग. अशा कथांचा शेवटही आपल्याला पाठ असतो. लेखक खचत नाही, पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, एके दिवशी पुस्तक छापले जाते आणि नाकारणाऱ्यांची फजिती होते. जोतीराव फुले यांची हकिगत या साच्यात नीट बसत नाही, म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

१८५५ साली जोतीराव २८ वर्षांचे होते. मुलींची पहिली शाळा काढून सात वर्षे झाली होती. त्या वर्षी त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केल्यापासून मराठी नाटक म्हणजे देव, राक्षस आणि सूत्रधार असा प्रकार होता. जोतीरावांच्या नाटकात मात्र एक गरीब कुणबी जोडपे आहे. बाई गरोदर आहे आणि ग्रहांची भीती घालून जोशीबुवा त्यांना लुबाडतो. विदूषक मधून मधून येऊन सगळ्यांचे पितळ उघडे पाडतो. शेवटी नवरा-बायको शहाणी होऊन रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. शेतकरी-मजुरांसाठी अशी शाळा जोतीराव व सावित्रीबाईंनी त्याच वर्षी खरोखर सुरू केली होती.

हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीला सादर केले. पेशवाईत ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्यातला काही भाग इंग्रज सरकारने मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी राखला होता. कमिटीने नाटक नाकारले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे.

आम्हा इंजिनियर मंडळींचा शोधनिबंध परत येतो तेव्हा सोबत परीक्षकांचे अभिप्राय येतात. समीकरण चुकले असेल तर ते सुधारून पुन्हा पाठवता येते. पण जे सांगण्यासाठी लिहिले तेच नकोसे असेल, तर दुरुस्ती कशाची करायची? जोतीरावांनी नाटक बाजूला ठेवले आणि त्या कमिटीचा नाद सोडला. १८६९ साली शिवाजीमहाराजांवरचा पोवाडा व ‘ब्राह्मणांचे कसब’ ही पुस्तके आली. ‘कसब’ त्यांनी पदरच्या पैशाने छापले. हा पैसा कोठून आला? जोतीराव कंत्राटदार होते. खडकवासला धरणासारख्या कामांची कंत्राटे त्यांनी घेतली होती. पोटापाण्याचा उद्योग आपल्या हाती असल्यामुळे लेखणीला कोणाची परवानगी लागली नाही. दिवसभर नोकरी करून रात्री लिहायला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आले. हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते अमेरिकेतील लोकांना, नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. आज आपण ज्या देशात घरे घेऊन राहिलो आहोत, त्या देशाचे नाव मराठी पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर इतक्या जुन्या काळी आले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? पुण्यातील विद्वानांना मात्र त्याचे कौतुक नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या व्याकरणाची थट्टा केली.

पुढचा नकार घरातून आला. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा झाला. सत्यशोधक चळवळीतल्याच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. जोतीराव रागावले, पण गप्प बसले नाहीत. ते गावोगाव हे लिखाण वाचून दाखवत होते. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले त्यांना वाचता येत नव्हते, मग छापखान्यावाचून अडणार किती? १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेचे आमंत्रण धाडले, तेव्हा नाकारण्याची पाळी जोतीरावांची होती. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या सभांत व पुस्तकांत नाही, त्यांच्याशी आपले जमणार नाही, असे त्यांनी कळवले. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, तर डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढले. ते छापून आले १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

लेखक नकाराला पुरून उरला. पण त्या नाटकाचे काय झाले? ‘तृतीय रत्न’ छापून आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी. मधल्या काळात कीर्तने, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, तेंडुलकर असे सारे होऊन गेले. मराठी रंगभूमीच्या आरंभीच कुणब्याचे घर मंचावर दिसले असते, तर पुढची नाटके काही वेगळी झाली असती का, हे आता सांगता यायचे नाही. चिकाटीने लेखक तरला. ज्या जोडप्यासाठी त्याने लिहिले, त्यांच्या चार-पाच पिढ्या मात्र ते नाटक न पाहताच गेल्या. नकाराची ही किंमत लेखकाच्या कौतुकात झाकली जाऊ नये.

आपल्या मंडळात दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या दोन महिने आधी एकांकिकेची शोधाशोध सुरू होते. ‘तृतीय रत्न’ लहानसेच आहे, पात्रेही मोजकी आहेत. विदूषकाचे काम करायला तर आपल्याकडे चढाओढ लागेल. नुसते अभिवाचन केले तरी चालेल. यंदा कोणी मनावर घेते का?