कुत्र्यामागे आठ आणे : मुंबई, जून १८३२

जून १८३२ मध्ये मुंबई बंद पडली होती, आणि तीही कुत्र्यांसाठी. दुकानांना कुलपे लागली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि अखेरीस लष्कर रस्त्यावर उतरले. शालेय इतिहासात या घटनेला ओळही मिळत नाही. कुत्रा नेमका कोणाचा, त्याची जबाबदारी कोणाची आणि त्याच्यापासून माणसांना वाचवायचे कसे, हा आजही न मिटलेला वाद मात्र याच शहरात तेव्हा प्रथम रक्तरंजित झाला.

भीती खरी होती, हे आधी मान्य करायला हवे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आहे. दंश झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, हे त्या वैद्यांना ठाऊक होते. १८३२ च्या कंपनी सरकारच्या डॉक्टरांना याहून फार काही ठाऊक नव्हते. जखम डागणे आणि वाट पाहणे, एवढेच हाती होते. औषध नसले की राज्यकर्त्याला एकच उपाय सुचतो : रोग वाहणारा प्राणीच संपवणे.

मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच होता. उन्हाळ्यातील ठरावीक काळात शिपायांनी कुत्री मारायची आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे घ्यायचे, अशी पद्धत पडली होती. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यात आली. अर्ध्या रुपयाला त्या काळी चांगलीच किंमत होती. मेलेले कुत्रे पाळीव होते की मोकाट, हे बक्षीस देणारा विचारत नव्हता. मग मारणारा तरी का विचारील? आवारात बांधलेली, घरात शिरलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. योजना आखणाऱ्याला क्रौर्य अभिप्रेत नसेलही, परंतु नगामागे पैसे मोजणारी कोणतीही योजना याच वाटेने जाते.

आता पारशी समाजाकडे वळू. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान केवळ राखणदाराचे नाही. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडावी म्हणून ‘सगदीद’ हा विधी केला जातो. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजेच ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानला जातो. जेवणाआधी कुत्र्याचा घास काढून ठेवण्याची रीतही होती. आपल्याकडच्या गोग्रासाशी किंवा काकबळीशी तिचे नाते सहज जुळते.

याच परंपरेतील ‘वेंदिदाद’ हा प्राचीन ग्रंथ वाचताना तर श्वानपालनाची पुस्तिकाच हाती आल्यासारखे वाटते. तेराव्या आणि पंधराव्या प्रकरणांत मेंढरे राखणारा, घर राखणारा असे कुत्र्यांचे प्रकार दिले आहेत. कुत्र्याला दूध, चरबी आणि मांस द्यावे. घशात अडकेल असे कठीण हाड किंवा तोंड पोळेल असे गरम अन्न देणे हे पाप. पिल्लांचा सांभाळ सहा महिने करावा. गाभण कुत्री आश्रयाला आली तर तिची जबाबदारी ज्याच्या जागेत ती आली त्याची. शिजवलेली हाडे कुत्र्याला घालू नका, असे आजचा पशुवैद्य सांगतो, तेव्हा तो एका फार जुन्या काळजीचाच पुनरुच्चार करत असतो.

सर्वांत लक्षणीय भाग पिसाळलेल्या कुत्र्याविषयीचा आहे. न भुंकता चावणाऱ्या, भान हरपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी जोखड घालून त्याला खुंट्याला बांधावे, श्रद्धावान माणसावर करावेत तसे त्याच्यावर उपचार करावेत, असे ग्रंथ सांगतो. बांधण्यामागे माणसांच्या सुरक्षिततेबरोबर त्या कुत्र्याचाही विचार आहे : तो विहिरीत किंवा कड्यावरून पडू नये. उपचार अर्थातच निष्फळ ठरत असणार. परंतु धोकादायक प्राणी बांधून ठेवणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व तिथे स्पष्ट आहे.

येथे दोन दृष्टी एकमेकींवर आदळल्या. सरकारी कागदावर कुत्र्याला एक तर मालक होता किंवा नव्हता. मुंबईच्या गल्लीत मात्र बहुसंख्य कुत्री या दोहोंच्या मधली होती. ती कुणा एकाची नव्हती, पण सगळ्या आळीच्या घासावर जगत होती.

६ जून हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कुत्री मारत फिरणाऱ्या शिपायांवर किल्ल्याच्या परिसरात जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी हरताळ झाला आणि त्यात हिंदू व जैन व्यापारीही उतरले. जीवदयेचा धागा तिथे समान होता. सरकारने दंगलीचा कायदा पुकारून सैन्य आणले, धरपकड केली. गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांच्या सरकारला तरीही माघार घ्यावी लागली : कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची, असा तोडगा निघाला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

दंगल शमली, रोग मात्र होता तिथेच राहिला. त्यावरचे उत्तर पॅरिसहून आले. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचवली. हे शक्य झाले ते रोगाच्या संथपणामुळे : विषाणू दंशापासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि त्याला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत शरीराला लढायला शिकवता येते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्याचा आजचा नियमही याच जाणिवेतून येतो; आत शिरण्याआधी जितका विषाणू वाहून जाईल तितका बरा.

हिंदुस्थानातील लष्कराला आपले गोरे सैनिक काही काळ थेट पॅरिसला पाठवावे लागत. १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथेच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची जी दहशत मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, ती याच लशीची. तिचा वापर भारतात २००५ च्या सुमारास थांबला.

दरम्यान लस कुत्र्यालाही टोचता येऊ लागली, आणि १८३२ मध्ये कोणापाशीच नसलेला तिसरा पर्याय उपलब्ध झाला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी तो स्वीकारला : मोकाट कुत्रा पकडायचा, त्याची नसबंदी करायची, त्याला लस द्यायची आणि जिथून उचलला त्याच गल्लीत परत सोडायचा.