एस्तेराझीचे कर्ज

२० जुलै १८९४ रोजी पॅरिसमधील र्‍यू द लील या रस्त्यावरच्या जर्मन वकिलातीत एक फ्रेंच गृहस्थ आले. अंगावर साधा नागरी पोशाख होता. परंतु चालण्याबोलण्यात लष्करी ऐट लपत नव्हती. वकिलातीतील लष्करी प्रतिनिधी कर्नल श्वार्ट्‌सकोपेन यांची त्यांनी भेट मागितली आणि आडवळण न घेता सांगितले, की आपण फ्रेंच सैन्यातील अधिकारी असून पैशाच्या अडचणीमुळे जर्मनीला माहिती विकू इच्छितो. श्वार्ट्‌सकोपेन प्रथम चकित झाले. मग त्यांनी बर्लिनला विचारणा केली आणि व्यवहार ठरला.

या गृहस्थांचे नाव फेर्दिनां वालसँ एस्तेराझी. त्या वेळी ते रूआं येथील चौऱ्याहत्तराव्या पायदळ पलटणीत मेजर होते. फ्रान्सचा द्वेष किंवा जर्मनीचे प्रेम, यांपैकी कशानेही त्यांना त्या दारापर्यंत नेले नव्हते. त्यांना नेले ते कर्जाने.

एस्तेराझी यांचा जन्म १८४७ सालचा. घराण्याचे नाव हंगेरीतील थोर सरदारांचे, पण संपत्ती त्या नावाच्या मानाने मुळीच नव्हती. १८७० च्या युद्धानंतर ते सैन्यात स्थिरावले आणि पुढे काही काळ लष्कराच्या हेरखात्यात जर्मन भाषेचे भाषांतरकार म्हणून काम करीत होते. म्हणजे गुप्त कागद कसे येतात, कोठे ठेवले जातात आणि त्यांना बाजारात काय किंमत असते, हे त्यांनी आतून पाहिलेले होते. १८८६ साली त्यांनी एका खानदानी घराण्यातील मुलीशी विवाह केला. तिने आणलेले धन पाहता पाहता संपले. काही जुगाराच्या टेबलावर गेले, काही चैनीत गेले. परंतु मोठा भाग गेला तो बूर्समध्ये, म्हणजे पॅरिसच्या शेअरबाजारात. भाव चढेल की उतरेल यावर पैसे लावणे आणि पत्त्यांवर पैसे लावणे यांत फरक एवढाच, की पहिल्या खेळात माणूस स्वतःला व्यापारी म्हणवून घेऊ शकतो. एस्तेराझी मोठे रंगेल संभाषक होते. ज्यू अधिकाऱ्याच्या बाजूने द्वंद्वयुद्धात साक्षीदार म्हणून उभे राहिल्याचे भांडवल करून त्यांनी श्रीमंत ज्यू कुटुंबांकडून मदत मिळवली, आणि त्याच ज्यू समाजाला शिव्याशाप देणाऱ्या मंडळींतही ते तितक्याच सहजतेने वावरत.

मेजरच्या पगाराला मर्यादा असते. सट्ट्यातील तोट्याला ती नसते. त्यातही जुगाराचे कर्ज इतर कर्जांपेक्षा निराळे आहे. घर बांधण्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज माणूस चारचौघांत सांगतो; वरिष्ठाकडे जाऊन उचल मागतो. जुगाराचे कर्ज मात्र तो पत्नीपासून, सोबत्यांपासून आणि विशेषतः वरिष्ठांपासून लपवतो. म्हणून ज्यांच्याकडे मदत मागावी अशी सगळी माणसे एकेक करून त्याच्यासाठी बाद होतात, आणि शेवटी तो परक्याच्या दारात उभा राहतो.

राज्यकर्त्यांना ही गोष्ट नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांची पारख धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार प्रलोभनांनी गुप्तपणे करून मगच त्यांना कामे सोपवावीत असे सांगितले आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या कंगले यांच्या आवृत्तीमुळे या ग्रंथाचा चिकित्सक पाठ अभ्यासकांना सुलभ झाला. त्यातील व्यसनांची चर्चा तर फारच मौजेची आहे. शिकार वाईट की द्यूत वाईट, असा तेथे वाद आहे. पूर्वीचे एक आचार्य शिकारीला अधिक दोष देतात. कौटिल्य मात्र द्यूताला देतो. द्यूतात जिंकलेले धन हे आमिष ठरते, त्यातून वैर जडते, नीट मिळवलेले धन वाया जाते, इतकेच काय, तहानभूक आणि देहधर्म अडवून बसल्याने रोगही होतात, असे तो बारकाईने नोंदवतो. याच ग्रंथात द्यूत एकाच ठिकाणी, सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखाली खेळवावे अशी योजना आहे, आणि तिचे एक कारण असे दिले आहे, की छुप्या मार्गाने उपजीविका करणारे लोक तेथे ओळखू येतात.

१८९४ साली फ्रेंच हेरखात्यालाही असा एक माणूस ओळखायचा होता. सप्टेंबरच्या अखेरीस, जर्मन वकिलातीत साफसफाई करणाऱ्या बाईमार्फत, एक बिनसहीचे पत्र खात्याच्या हाती पडले. सोबत पाठवलेल्या कागदांची ती यादी होती. फ्रेंच भाषेत अशा यादीला बोर्दरो म्हणतात आणि इतिहासात ते पत्र त्याच नावाने प्रसिद्ध आहे. एका नव्या तोफेचा गतिरोधक, सीमेवरील सैन्याची योजना, तोफखान्याच्या रचनेतील बदल, मादागास्करची मोहीम आणि तोफा डागण्याची नवी नियमपुस्तिका अशा पाच बाबी तीत होत्या.

वास्तविक अशा वेळी पहिला प्रश्न असावा तो गरजेचा. या पैशाची निकड कोणाला होती? खात्याने तो प्रश्न विचारलाच नाही. लिहिणारा मुख्य कार्यालयातीलच असावा आणि तोफखान्याचाच असावा, असे गृहीत धरून अधिकाऱ्यांची नावे चाळण्यात आली, आणि बोट थांबले ते कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्या नावावर. ते आल्सेस प्रांतातील होते आणि धर्माने ज्यू होते. हस्ताक्षरात थोडे साम्य दिसले, तेवढे पुरे झाले. १५ ऑक्टोबर १८९४ रोजी त्यांना अटक झाली.

अडचण एकच होती. ड्रेफस यांना पैशाची निकड नव्हती. त्यांच्या कुटुंबाची म्यूलूझ येथे कापसाची गिरणी होती. पत्नी हिऱ्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी होती. त्यांच्यावर कर्ज नव्हते. श्रीमंत, विवाहित, अभ्यासू अधिकारी थोड्या रकमेसाठी देश कशाला विकील? या प्रश्नाला उत्तर हवे होते, आणि ते तयार करण्यासाठी जुगार पुढे आणण्यात आला. खात्यासाठी काम करणाऱ्या गेने नावाच्या एका जुन्या पोलीस कर्मचाऱ्याने ड्रेफस जुगारी असून मोठ्या रकमा हरले आहेत, आणि नातेवाइकांनी त्या फेडल्या, असे अहवाल दिले. दुसरीकडे पॅरिसचे पोलीसप्रमुख लेपीन यांच्या कचेरीनेही तपास केला. त्यांचा निष्कर्ष नेमका उलटा निघाला: जुगाराच्या अड्ड्यांवर कॅप्टन ड्रेफस यांना कोणी ओळखत नव्हते, त्याच आडनावाच्या इतर माणसांशी त्यांची गल्लत झाली होती.

पोलिसांचा हा कागद हेरखात्यातील मेजर आंरी यांच्या हाती आला आणि तेथेच थांबला. न्यायालयापुढे गेला तो गेनेचा. दोर्मशव्हील यांनी तयार केलेल्या आरोपपत्रात, आरोपी जुगाराची आवड नाकारत असला तरी तो पॅरिसच्या अशा क्लबांत जात असल्याची माहिती आहे, असे लिहिले होते. मग त्या क्लबांतील माणसांच्या साक्षी का नाहीत? त्याचेही उत्तर आरोपपत्रातच होते: तेथील मंडळी प्रतिष्ठित नसल्यामुळे त्यांना साक्षीला बोलावणे योग्य वाटले नाही. आरोपासाठी ज्या जागेचा आधार घ्यायचा, पडताळणीसाठी तीच जागा हलकी ठरवायची, असा हा न्याय होता. २२ डिसेंबरला जन्मठेपेची शिक्षा झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी एकोल मिलितेरच्या पटांगणात ड्रेफस यांची तलवार मोडण्यात आली आणि पुढे त्यांची रवानगी डेव्हिल्स आयलंडवर झाली.

त्या वेळी एस्तेराझी रूआंलाच होते, आणि त्यांचे कर्जही होते.

१८९५ च्या जुलैत हेरखात्याची सूत्रे कर्नल पिकार यांच्याकडे आली. पुढच्या मार्चमध्ये जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून फाडलेले एक निळे टपालपत्र मिळाले. त्यावर एस्तेराझी यांचा पत्ता होता. पिकार यांनी चौकशी सुरू केली ती या माणसाच्या राहणीपासून. सट्टा, उधारी, सावकार आणि तोफखान्याशी संबंध नसताना तोफांच्या चाचण्यांविषयी दाखवलेली विलक्षण उत्सुकता, ही सगळी माहिती एकेक करून जमली. हस्ताक्षर मात्र हाती नव्हते. ते एस्तेराझी यांनी स्वतःच पुरवले. १८९६ च्या उन्हाळ्यात युद्धमंत्रालयात नेमणूक मिळावी म्हणून ते वशिला लावीत होते आणि त्यासाठी लिहिलेली पत्रे ऑगस्टमध्ये पिकार यांच्या टेबलावर आली. पिकार यांनी ती बोर्दरोशेजारी ठेवली. अक्षर एकच होते.

या एका प्रसंगाकडे लक्ष द्यायला हवे. सट्ट्यात बुडालेला, कर्जदारांनी घेरलेला अधिकारी देशातील सर्वांत गुप्त कागद जेथे राहतात त्या इमारतीत खुर्ची मागत होता, आणि त्याची शिफारस करायला प्रतिष्ठित माणसे तयार होती. त्यांपैकी कोणालाही त्याच्या देण्याघेण्याची विचारपूस करावी असे वाटले नाही.

पिकार यांनी सत्य वरिष्ठांना सांगितले. त्यांना ट्युनिसियाकडे पाठवून देण्यात आले. तरीही एस्तेराझी उघडे पडले, आणि तेही सट्ट्यामुळेच. बोर्दरोचे छायाचित्र १८९६ च्या नोव्हेंबरात ‘ल मातँ’ या पत्रात छापून आले होते. वर्षभराने ड्रेफस यांचे बंधू मात्यू यांनी त्याच्या प्रती पॅरिसच्या रस्त्यांवर विक्रीला ठेवल्या. त्यांतील एक प्रत द कास्त्रो नावाच्या एका बँकरने घेतली. अक्षर पाहताच ते थबकले. बूर्समध्ये त्यांनी ज्यांचे व्यवहार केले होते अशा एका ग्राहकाची पत्रे त्यांच्या कपाटात होती. घरी जाऊन त्यांनी ती ताडून पाहिली आणि मात्यू यांना नाव कळवले. १५ नोव्हेंबर १८९७ रोजी मात्यू यांनी एस्तेराझी यांच्यावर जाहीर आरोप केला.

११ जानेवारी १८९८ रोजी लष्करी न्यायालयाने एस्तेराझी यांना एकमताने निर्दोष सोडले. दोन दिवसांनी एमिल झोला यांचे प्रसिद्ध पत्र छापले गेले. ऑगस्टच्या अखेरीस, बनावट कागद केल्याचे कबूल केल्यावर, आंरी यांनी तुरुंगात आत्महत्या केली आणि एस्तेराझी इंग्लंडला पळाले. पोलिसांचे दडपलेले अहवाल पुढच्या न्यायालयीन चौकशीत बाहेर आले.

गुप्त कामावरील माणसाची पारख करण्याचे नियम विसाव्या शतकात लेखी झाले. अमेरिकेत २७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या आदेशाने सर्व सरकारी नोकरांसाठी अशी कसोटी आली. तेथे २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जुगाराचा उल्लेख आहे, पण तो नीतीच्या प्रकरणात नाही. पैशाच्या प्रकरणात आहे. जुगारासाठी किंवा त्याची देणी भागवण्यासाठी कर्ज काढणे, आणि झालेला तोटा किंवा त्यातून उद्भवलेला घरातील कलह लपवणे, या गोष्टी तेथे शंकास्पद मानल्या आहेत. मित्रांत चार आणे लावून पत्ते खेळणाऱ्याची नोकरी जावी, असा या नियमाचा अर्थ नाही. शिवाय ज्याने उपचार किंवा सल्ला घेतला, देणी प्रामाणिकपणे फेडायला सुरुवात केली, त्याच्या बाजूने ती गोष्ट मोजावी असेही त्यात आहे. भारतातील केंद्रीय नागरी सेवांचे १९६४ चे वर्तणूक नियमही याच दिशेचे आहेत: सोळाव्या नियमाने सरकारी नोकराला शेअरांचा सट्टा करण्यास मनाई आहे, आणि सतराव्याने नित्याचे कर्जबाजारीपण टळेल अशा रीतीने खासगी व्यवहार ठेवण्याचे बंधन आहे.

असे नियम १८९४ साली असते तर एस्तेराझी सापडले असते काय? कदाचित. परंतु त्या वर्षी ‘जुगारी’ हा शब्द फ्रेंच लष्कराच्या दप्तरात खरोखरच लिहिलेला होता. तो चुकीच्या नावापुढे होता, आणि ते दाखवून देणारा कागद त्याच कार्यालयात पडून होता.

१२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेफस यांची शिक्षा रद्द केली आणि ते सैन्यात परतले. एस्तेराझी १९२३ साली इंग्लंडमधील हार्पेंडन या लहानशा गावी वारले. तेथे ते काउंट द व्हॉयलमाँ या खोट्या नावाने राहत होते. श्वार्ट्‌सकोपेन यांच्या टिपणवह्या त्यांच्या मृत्यूनंतर १९३० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत २० जुलै १८९४ च्या त्या भेटीची हकीकत होती. ड्रेफस तेव्हा सत्तर वर्षांचे होते.